आठ हंगाम, एकच पीक

शेषराव काकाजी दोन दिवस लागोपाठ एकच भाजी खात नाहीत, यात नवल नाही. पण ते दोन दिवस लागोपाठ एकाच गालापासून दाढीही सुरू करत नाहीत. काल डाव्या गालाला आधी साबण लागला असेल तर आज मान उजव्याचा. आदिलाबादहून नेरडीगोंड्याला मुलीकडे जाताना ते बसमध्ये उजव्या बाजूला बसतात आणि परत येताना डाव्या बाजूला. मग तिकडं कितीही ऊन असो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "बेवड पाहा लागते, मॅडमबाई."

मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं, की जाताना उजवीकडं आणि येताना डावीकडं बसल्यामुळे त्यांनी जन्मभर त्या रस्त्याची एकच बाजू पाहिली आहे. दुसऱ्या बाजूला डोंगर आहे की समुद्र, याचा त्यांना पत्ताच नाही. काकाजी बराच वेळ हवेत बोटं फिरवून हिशेब करत बसले. मग रागावले आणि पूर्ण एक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना बोलावंच लागलं, कारण लागोपाठ दोन दिवस अबोला त्यांच्या शास्त्रात बसत नाही.

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. आधीच्या पिकानं जमिनीत मागं ठेवलेलं बरंवाईट म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट. वांग्याच्या मागून टोमॅटो लावला तर वांग्याचे रोग टोमॅटोला भोवतात. हे सगळं खरंच आहे. काकाजींचं वेगळेपण एवढंच, की शेतकरी जे वावरापुरतं पाळतो ते त्यांनी उभ्या संसाराला लावलं. मुलीला शेतकऱ्याचं चांगलं स्थळ सांगून आलं होतं. "दोन पिढ्या भाजीच भाजी झाली, आता दुसरं पीक पाह्यजे," म्हणून ते त्यांनी मोडलं आणि हायवेवर चहाचं हॉटेल चालवणाऱ्याला मुलगी दिली. मला पहिला मुलगा झाल्यावर म्हणाले, "आता पोरगी होऊ द्या, बेवड चांगला राह्यते." दुसराही मुलगाच झाला. काकाजी बाळ बघायला आले आणि एखाद्याच्या सांत्वनाला बसावं तसे गुडघे जवळ घेऊन बसून राहिले. निघताना म्हणाले, "असू द्या. पुढच्या हंगामाले पाहू." मी हात जोडले.

ते माझे नात्याचे कोणी नाहीत. लग्न होऊन मी यवतमाळहून इथं आदिलाबादला आले तेव्हापासूनचे शेजारी. आमची भिंत एकच आहे. मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवते. काकाजींचा गावाच्या कडेला भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, कधी कोबी. सकाळी रैतु बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, माल टाकायचा आणि दिवसभर मळ्यात राबायचं. काकी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. धाकटा मुलगा सुधाकर पुण्याला कंपनीत आहे. घरात काकाजी आणि त्यांची नात रेणुका, एवढीच दोन माणसं. रेणुका म्हणजे त्या हॉटेलवाल्या मुलीची मुलगी. हायवेवर शाळेची सोय बरी नाही म्हणून तिला पहिलीतच आजोबांकडं आणून ठेवलं, ती इथलीच झाली. तिच्या आईबापांना काहीही विचारा, "आबाजी म्हणतीन तसं," म्हणून मोकळे होतात.

रेणुका दहावीपर्यंत मराठी शाळेत होती, मग इंटरला इंग्रजीत आली आणि माझ्या वर्गात बसली. पहिले काही महिने नुसती फळ्याकडं बघत होती. नंतर अशी सुटली, की मलाच घरी जाऊन वाचून यावं लागायचं. त्यातून तिला सांख्यिकीचं वेड लागलं. इंटर झाल्यावर तिनं जाहीर केलं, की हैदराबादला मुलींच्या कॉलेजात चार वर्षांची पदवी करणार आणि मेजर विषय सांख्यिकी घेणार.

मला वाटलं, आता हैदराबादवरून रामायण होणार. रात्रभराची गाडी, एकटी मुलगी, होस्टेल. मी भांडायची तयारी करूनच त्यांच्या ओट्यावर गेले. काकाजी शांतपणे म्हणाले, "हैदराबादले जाऊ द्या की. इथं राहून काय करन? मायचं झालं तेच तिचं काऊन व्हावं?" मी थक्क झाले. माझी तयारी वाया गेली याचं थोडं वाईटही वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "पण हे मेजर मेजर काय हाय?"

मी सांगितलं, की चार वर्षांचे आठ सेमिस्टर असतात. त्यात भाषा, इतर विषय येतात-जातात, पण एक मुख्य विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत राहतो. तो मेजर.

काकाजींचा चेहरा उतरला. "म्हंजे आठ हंगाम एकच पीक?"

"हो."

"अन् जमीन काय करन?"

मी हसले. ते हसले नाहीत. आत जाऊन पाणी पिऊन आले आणि पुन्हा तेच विचारलं. सलग आठ हंगाम पऱ्हाटीवर पऱ्हाटी, म्हणजे कापसावर कापूस, लावणाऱ्यांचं काय झालं हे त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. पोरीच्या डोक्यात तसलं काही होऊ देणार नव्हते. "चार वर्साचं पयले आखू," म्हणाले. "आखल्याबिगर पेरनी नाही."

त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना मळ्यात बोलावलं. एका कोपऱ्यात त्यांनी फावड्यानं आठ वाफे पाडले होते, लहान पण अगदी रेखीव. एकेक वाफा म्हणजे एकेक सेमिस्टर. पहिल्या वाफ्यात वांग्याचं रोप खोचलेलं. "हे तुमचं इस्टॅटिस. पयल्या हंगामाले होऊन जाऊ द्या, पोरीची हौस हाय." दुसऱ्या वाफ्यात मेथी. म्हणजे तेलुगू, कारण मेथी हलकी, लवकर निघते आणि जमिनीला त्रास देत नाही. तिसऱ्यात मुळा, म्हणजे इतिहास. खाली खाली जातो. त्यापुढं एक वाफा त्यांनी चक्क पडीक ठेवला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"इसावा."

"काकाजी, कॉलेजात सेमिस्टर पडीक ठेवता येत नाही."

"म्हनूनच पोट्टे वाया जाते," ते म्हणाले.

पुढच्या चारही वाफ्यांत त्यांनी कडुलिंबाच्या डहाळ्या लावल्या होत्या. हे झाडाझुडपाचं शास्त्र. त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र मेजर म्हणून घेता येतं, ही माहिती काकाजींनी कुठून तरी पैदा केली होती. रेणुकानं कमरेवर हात ठेवून सगळे वाफे बघितले आणि सरळ घरी निघून गेली. मी मात्र मास्तरकीची खोड, थांबले. म्हटलं, "वनस्पतिशास्त्र मेजर घेतलं तरी आठ हंगाम एकच पीक झालं की. मग त्याचा बेवड?"

काकाजी डहाळी सरळ करत म्हणाले, "झाडाची गोष्ट येगळी हाय."

"कशी वेगळी?"

"येगळी हाय म्हनलं ना मॅडमबाई."

एरवी बेवडावर तासभर बोलणारा माणूस दोन शब्दांत आटोपतो, तेव्हा काहीतरी आहे हे मला कळायला हवं होतं. पण मी चिडले होते. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला आहे आणि हट्टाला काही कारण लागत नाही. त्यात त्यांनी जाता जाता, "तुमीच तिच्या डोक्यात भरवलं हे," असंही ऐकवलं. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर दोन्ही घरांत तणातणी सुरू झाली. भिंत एकच असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही, आणि तेच भयंकर होतं. एरवी संध्याकाळी आजोबा-नातीची बडबड अखंड चालायची. वांग्याला शेंडेअळी लागली का, कोथिंबीर पिवळी काऊन पडली, बाजारात कोणी काय भाव पाडला. आता नुसती भांडी वाजायची. रेणुका माझ्याकडं येऊन लॅपटॉपसमोर बसायची आणि न जेवता परत जायची. तिचं वजन उतरलं, माझी झोप उतरली.

आणि मुदतीचा शेवटचा दिवस आला.

कॉलेज आणि विषय निवडून संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन पक्के करायचे होते. ते केलं नाही तर प्रवेशाची ती फेरी हातची जाणार, आणि त्या कॉलेजात सांख्यिकीच्या जागा मुळातच मोजक्या. रेणुकानं सगळं भरलं. शेवटी एक ओटीपी लागत होता. तो येणार होता आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर होता काकाजींचा. रेणुका लहान असताना घरात एकच फोन होता, तो तसाच जोडलेला राहिला. बदलून घेऊ, बदलून घेऊ म्हणत आम्ही कधी बदलला नाही.

काकाजी जेवण झाल्यावर फोन बंडीच्या खिशात टाकून मळ्यात गेले होते. आम्ही फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. एक बाई तेलुगूत गोड आवाजात सांगू लागली, की आपण ज्यांना फोन करत आहात ते उत्तर देत नाहीत. हे आम्हाला कळलेलं होतं. तीनदा ऐकल्यावर रेणुकानं ओढणी कमरेला खोचली, मी माझ्या मोबाइलवर ते पान उघडलं, आणि माझ्या स्कूटीवरून दोघी मळ्यात गेलो. चार वाजून गेले होते.

काकाजी वांग्यांना पाणी देत होते. आम्हाला बघून त्यांनी पाणी थांबवलं नाही की मान वर केली नाही.

"आबाजी, फोन काऊन नाही उचलला?"

"हात भरले होते."

रेणुकानं तिथंच उभं राहून बटण दाबलं. काकाजींच्या खिशात टुंग वाजलं. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, फोन काढला, लांब धरून बघितला. "आला," म्हणाले. "सहा आकडे हाय."

"सांगा."

"पयले बेवड सांग."

"आबाजी, दहा मिनिटांत जातो तो नंबर."

"मंग दुसरा येईन."

दहा मिनिटं गेली. ती कशी गेली ते मला विचारू नका. मी समजावलं, विनवलं, शेवटी वर्गात पोरांवर ओरडते तशी ओरडले. काकाजी फावड्याला टेकून उभे राहिले. पहिला नंबर मेला. रेणुकानं दुसरा मागवला. पुन्हा टुंग. काकाजींनी तोही बघितला आणि फोन खिशात ठेवला.

रेणुकाचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तिनं चढवला नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आबाजी, तुमी मोसंबी लावली असती तं काय केलं असतं? दरवर्सी उपटून दुसरं लावलं असतं का?"

काकाजींनी फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"झाड तेच राह्यते ना? पयले एक-दोन वर्स झाड लहान राह्यते, तवा मंधात मूग घेता, उडीद घेता. मंग झाड मोठं झालं का सावली पडते, तवा आंतरपीक बंद. खालची जमीन खराब होते का त्यानं? माया कालेजात तसंच हाय. पयल्या दोन वर्सात तेलुगू, इंग्रजी, बाकीचं मंधात मंधात. मंग नुसतं झाड. मेजर म्हंजे पऱ्हाटी नाही, आबाजी. मेजर म्हंजे मोसंबी."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतके दिवस मी त्यांना पाठ्यक्रम समजावत होते आणि पोरीनं एका दमात काम केलं. काकाजींनी फावडं खाली ठेवलं. ओठ हलले, बोटं हवेत फिरली. बराच वेळ हिशेब केला. मग म्हणाले, "बरोबर हाय. हे मले पटलं."

"मंग सांगा नंबर."

काकाजींनी खिशावर हात ठेवला. आणि तो हात तिथंच राहिला.

रेणुका वाट बघत राहिली. मग ती वळली आणि विहिरीच्या पलीकडं जाऊन पाठमोरी बसली. तिचे खांदे हलत होते. साडेचार होऊन गेले होते. आता मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काकाजी, आता बेवडही पटला तुम्हाला. मग हे काय चाललंय? पोरीचं वर्ष जाईल. तुमच्या हट्टापायी जाईल. जन्मभर ती विसरणार नाही."

ते बांधावर बसले. विहिरीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सुधाकर पुन्याले गेला तवा मी काही म्हनलं नाही, मॅडमबाई. त्यानं मशिनीचं काहीतरी शिकलं. फोन करते बिचारा दर आयतवारी. म्हनते, जेवले का? मी म्हनतो, जेवलो. तू जेवला का? जेवलो. पानी आलं का तिकडं? नाही आलं. मंग तो थांबते, मी थांबतो. ठेवू का म्हनते. मी म्हनतो, ठेव." ते जमिनीतलं एक ढेकूळ बोटांनी फोडत राहिले. "त्याचं चुकलं नाही. त्याच्या मशिनीचं मी काय इचारू? अन् माया वांग्याचं तो किती दिवस ऐकन?"

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

"हे पोट्टी झाडाचं शिकली असती तं मी रोज काही ना काही इचारलं असतं. पान काऊन आकसलं, मूळ काऊन सडलं. मले ठाव असलं तरी इचारलं असतं. अर्धा अर्धा घंटा बोललो असतो. तुमच्या इस्टॅटिसमंधी मी तिले काय इचारू?"

इतक्या दिवसांची माझी चीड कुठं गेली ते कळलं नाही. मला भरून आलं, आणि स्वतःवर रागही आला. मुलीला विषय कळतो का एवढंच मी बघत होते. मागं राहणाऱ्या माणसाचाही काही विषय असतो, हे माझ्या गणितात नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी, मी आहे ना भिंतीपलीकडं. प्रत्येक सेमिस्टरला ती काय शिकते ते मी तुम्हाला सांगेन. काय विचारायचं तेही सांगेन."

"मले समजन?"

"समजायला कशाला पाहिजे? विचारता आलं म्हणजे झालं."

त्यांनी हे मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि विहिरीकडं तोंड करून हाक मारली, "रेणुके, हे घे वं. सांगतो." पण तो दुसरा नंबरही तोवर मेला होता. रेणुका नाक पुसत धावत आली, माझ्या हातातून मोबाइल घेऊन तिनं तिसरा मागवला, आणि मळ्यात नेटवर्क गेलं.

आम्ही तिघंही मोबाइलकडं बघत उभे राहिलो. पडद्यावर ते गोल फिरत होतं. काकाजींनी मला हाताला धरून विहिरीच्या काठावर चढवलं, कारण त्यांच्या अनुभवानं तिथं रेंज येते. मग रेणुकाला चढवलं. मग स्वतः चढले. टुंग वाजलं. काकाजी फोन लांब धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले आणि रेणुका ते टाकू लागली. चौथा आकडा त्यांना नीट दिसेना. तो मी वाचला.

पान हिरवं झालं. खाली लिहून आलं, की तुमचा विषय पक्का झाला आहे. रेणुका तिथंच मटकन बसली. वाफ्यातलं पाणी केव्हाच बांध ओलांडून गाडरस्त्याला लागलं होतं, तरी काकाजी तिकडं वळले नाहीत. नातीच्या शेजारी बसले आणि घसा साफ करून, माझ्याकडं एक चोरटी नजर टाकून, तिला विचारलं, "मंग पयल्या सेमिस्टरात काय शिकवतीन तुले?"

"सरासरी," रेणुका म्हणाली. अजून फुरंगटलेली होती.

"म्हंजे काय असते?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, मांडी घालून त्यांच्याकडं वळली आणि बाजूच्या पाटीतली चार वांगी उचलून समोर मांडली. "हे पाहा आबाजी, हे लहान हाय, हे मोठं हाय. आता समजा..."

"थांब," काकाजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "आज नको सांगू. फोनसाठी ठेव."